गतिरोधक ओलांडणारी गाडी

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्या सरांच्या हाताखाली मी तंत्रनिकेतनात तीन वर्षं मोटार उघडायला आणि परत जोडायला शिकलो. कार्यशाळेत नवी गाडी आली की आम्ही पोरं बॉनेटकडे धावायचो. सर आधी गुडघ्यावर बसायचे आणि टॉर्च लावून टायरच्या कडेवरची अक्षरं वाचायचे. रुंदी, उंचीचं प्रमाण, रिमचा व्यास, भाराचा आकडा, वेगाचं अक्षर आणि शेवटी चार अंकांचा तो शिक्का. त्यातले पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. टायर वाचला की अर्धी गाडी कळते, अशी त्यांची ठाम समजूत होती. आजचा विषय ठरवताना माझ्या डोळ्यांसमोर तीच मूर्ती होती. जगातल्या सगळ्यात वेगवान मोटारींच्या विक्रमांवर गेली वीस वर्षं जे वाद चालले आहेत, ते फिरून फिरून टायरपाशी आणि नंबर प्लेटपाशीच येतात.

वाद असा आहे. एखादी कंपनी जाहीर करते की आमची गाडी अमुक रेसट्रॅकवर रस्त्यावरच्या गाड्यांमध्ये सगळ्यात वेगवान ठरली. लगेच दुसरी कंपनी विचारते, ही रस्त्यावरची गाडी कशावरून? प्रश्न साधा वाटतो. आपल्याकडे तर त्याचं उत्तर एका शब्दात मिळतं: पासिंग. आरटीओत पासिंग झालं, आरसी बुक हातात आलं, एमएच १२ किंवा एमएच ०१ अशी पाटी लागली, की ती रस्त्याची गाडी. पण एवढ्यानं भागत नाही, हे मला आज तुमच्यासमोर मांडायचं आहे.

आधी जागेबद्दल बोलतो, कारण या विषयात जागेला फार महत्त्व आहे. जर्मनीच्या पश्चिमेला आयफेल नावाचा डोंगराळ मुलूख आहे. १९२०च्या दशकात तिथल्या बेकारांच्या हाताला काम मिळावं म्हणून डोंगरातून एक शर्यतीचा रस्ता बांधायला घेतला आणि १९२७ साली तो खुला झाला. हे न्यूर्बुर्गरिंग. त्यातला उत्तरेकडचा मोठा फेरा म्हणजे नॉर्डश्लायफे. लांबी २०.८३२ किलोमीटर, सत्तरच्या वर वळणं, सगळ्यात उंच आणि सगळ्यात सखल जागेत सुमारे ३०० मीटरचा फरक. जॅकी स्ट्युअर्टनं त्याला 'हिरवा नरक' म्हटलं आणि ते नाव कायमचं चिकटलं. १ ऑगस्ट १९७६ रोजी निकी लाउडा तिथेच आगीत होरपळला. त्यानंतर फॉर्म्युला वनची शर्यत या फेऱ्यावर परत आली नाही.

एवढा धोकादायक ट्रॅक, पण शर्यत किंवा चाचणी नसेल तेव्हा तो कुणालाही टोल भरून वापरता येतो. त्या वेळी कायद्याच्या लेखी तो एकेरी टोल रस्ता असतो. जर्मनीचे वाहतुकीचे नियम लागू असतात, ओव्हरटेक डावीकडूनच करायचा असतो, आणि घड्याळ लावून वेळ मोजायला बंदी असते. म्हणजे रस्ता आणि ट्रॅक यांच्यातली सीमा जिथे पुसली गेली आहे, नेमक्या त्याच जागी 'रस्त्याची गाडी' कोणती याचा निवाडा जग करू पाहतं.

माझा भाचा स्टुटगार्टला नोकरी करतो. काही वर्षांपूर्वी त्याच्याकडे गेलो असताना हट्टानं तिथे गेलो. फाटकापाशी रांग होती. आमच्या पुढे एक स्टेशन वॅगन, मागच्या काचेतून लहान मुलाची सीट दिसत होती. आमच्या मागे पोर्शे जीटी३. कार्ड लावलं, दांडा वर गेला, भाचा म्हणाला, "मामा, पट्टा नीट आवळा." पुढची दहा-अकरा मिनिटं मी दरवाज्याच्या वरची मूठ सोडली नाही. फुक्सरोर नावाच्या उतारावर गाडी सरळ खाली कोसळते आणि तळाशी सस्पेन्शन दाबलं जाऊन पोटातलं पाणी हलतं. कारुसेल हे वळण म्हणजे काँक्रीटच्या लाद्यांची वाटी. त्या वाटीत चाक उतरलं की प्रत्येक लादीचा सांधा कण्यात कळतो. ज्याला हे माहीत नाही त्यानं या फेऱ्याच्या सेकंदांवर वाद घालू नये, असं मला तेव्हापासून वाटतं. हे सेकंद स्वस्त नाहीत.

फेरी संपल्यावर पार्किंगमध्ये तो पोर्शे शेजारीच लागला. मालकाची परवानगी घेऊन मी सरांसारखाच गुडघ्यावर बसलो. टायर अजून गरम होता. त्याच्या पृष्ठभागावर रबराचे बारीक दाणे आणि खडीचे कण चिकटून बसले होते, तूप लावलेल्या ताटाला साखर चिकटावी तसे. मिशेलिनचा पायलट स्पोर्ट कप २. मधोमध दोन खोल खाचा आणि बाहेरच्या अंगाला जवळजवळ सगळा गुळगुळीत पट्टा. आपल्याकडे असा टायर पाहिला तर गॅरेजवाला म्हणेल, साहेब, टायर संपलेत. कायद्याला मात्र तो चालतो. कायदा कमीत कमी १.६ मिलिमीटर खोली मागतो आणि खाचांमध्ये ती खोली असते. कोरड्या रस्त्यावर तो डांबर अक्षरशः पकडून ठेवतो. मुसळधार पावसात मात्र त्याच्यावर भरवसा ठेवू नये. विक्रमाच्या आकड्यातला मोठा वाटा अशा टायरचा असतो, आणि जाहिरातीत टायरचं नाव सगळ्यात लहान अक्षरात असतं.

आता आकड्यांकडे येतो. १९८३ साली याच फेऱ्यावर स्टेफान बेलोफनं पोर्शे ९५६ या शर्यतीच्या गाडीतून पात्रता फेरीत ६ मिनिटं ११.१३ सेकंदांची वेळ नोंदवली. सरासरी वेग ताशी २०२ किलोमीटर. हा तरुण दोन वर्षांनी बेल्जियममध्ये स्पाच्या शर्यतीत गेला. त्याचा विक्रम मात्र ३५ वर्षं टिकला. २०१८ साली टिमो बर्नहार्डनं पोर्शेच्याच ९१९ हायब्रिड ईव्हो गाडीतून ५ मिनिटं १९.५४६ सेकंदांत फेरी मारली. त्या गाडीला ना नंबर प्लेट होती, ना कुठल्या शर्यतीच्या नियमांचं बंधन, आणि कुणी तसा दावाही केला नाही. म्हणून तिच्यावर वाद नाही.

वाद होतो पाटीवाल्या गाड्यांवर. २०१३ साली पोर्शे ९१८ स्पायडर सात मिनिटांच्या आत आली, ६ मिनिटं ५७ सेकंद, आणि मोठा गाजावाजा झाला. पण त्याच्या चार वर्षं आधी, २००९ साली, रॅडिकल नावाच्या छोट्या इंग्रज कारखान्याच्या एसआर८ एलएम गाडीनं ६ मिनिटं ४८ सेकंद नोंदवून ठेवले होते. दोन माणसांची जागा, डोक्यावर छप्पर नाही, दिसायला सरळसरळ शर्यतीची. पण तिला ब्रिटनची नंबर प्लेट होती आणि ती इंग्लंडहून रस्त्यानं चालवत जर्मनीला नेली होती. मोठ्या कंपन्यांनी आणि त्यांच्या चाहत्यांनी तिला यादीतून बाहेर ठेवण्यासाठी 'उत्पादनातली गाडी' असा वेगळा शब्द पुढे केला. कागदानं रॅडिकल पास झाली होती, नजरेनं नापास केली गेली. मला तिच्याबद्दल नेहमी आदर वाटतो. स्वतःच्या चाकांवर समुद्र ओलांडून परीक्षेला येणारी गाडी रस्त्याची नाही, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मग निव्वळ कागद पुरे का? तर तेही नाही. याचा इतिहास फार मनोरंजक आहे आणि मी त्यात थोडा रमणार आहे, अध्यक्षांनी क्षमा करावी.

जुन्या काळी शर्यतीत भाग घ्यायचा तर ठरावीक संख्येनं गाड्या बनवाव्या लागत. हेतू चांगला होता. लोकांना विकलेल्या गाड्यांमध्येच शर्यत व्हावी, असा. फेरारीच्या २५० जीटीओसाठी नियम होता १०० गाड्यांचा. बनल्या ३६. आधीच्याच मॉडेलची ही सुधारित आवृत्ती आहे असं सांगून ती पार झाली. १९६९ साली पोर्शेच्या ९१७ साठी २५ गाड्या हव्या होत्या. तपासनीस आले तेव्हा तयार गाड्या मोजक्याच होत्या, बाकीच्या सुट्या भागांत. तपासनिसांनी नकार दिला. तेव्हा एप्रिलमध्ये कारखान्याच्या अंगणात २५ गाड्या ओळीनं उभ्या केल्या गेल्या. संख्येची अट पूर्ण झाली. त्या गाड्या भाजी आणायला नेण्यासाठी कुणी बनवल्या नव्हत्या, हे तपासनिसांनाही दिसत होतं. पण पुढे १९७५ साली इटलीच्या काउंट रॉसी यांनी त्याच ९१७ पैकी एकीला सायलेन्सर, आरसे, इंडिकेटर बसवून घेतले, अमेरिकेतल्या अलाबामा राज्याची नंबर प्लेट मिळवली आणि ती स्टुटगार्टहून पॅरिसला चालवत नेली. कागदावर ती रस्त्याची गाडी. ताशी साडेतीनशेच्या वर पळणारी, बारा सिलिंडरची, ल मानंची शर्यत जिंकलेल्या जातीची.

तरी माझा सगळ्यात आवडता किस्सा टोयोटाचा. १९९८ साली ल मानंच्या जीटी वर्गात उतरणारी गाडी रस्त्याच्या गाडीवर बेतलेली असली पाहिजे, आणि रस्त्याच्या गाडीत सामान ठेवायला जागा हवी, असा नियम होता. टोयोटाच्या जीटी-वन गाडीत जागाच नव्हती. मग कंपनीनं आयोजकांना पटवलं की तपासणीच्या वेळी पेट्रोलची टाकी रिकामी असते आणि त्या पोकळीत एक प्रमाणित आकाराची सूटकेस मावू शकते, तेव्हा हीच सामानाची जागा समजावी. आयोजकांनी ते मान्य केलं! पेट्रोलच्या टाकीत कपड्यांची बॅग. नियमाचं अक्षर पाळलं गेलं आणि नियमाचा हेतू त्याच टाकीत बुडाला.

या सगळ्यावरून मी एवढंच शिकलो की ज्याला रस्त्याची गाडी 'ठरवायची' आहे, तो ती कागदावर ठरवून घेतोच. त्यापेक्षा रस्त्यालाच विचारावं. आणि रस्त्याचा प्रश्न विचारण्याची उत्तम रीत मला एका दूरदर्शन कार्यक्रमात सापडली. बीबीसीच्या 'टॉप गिअर'मध्ये इंग्लंडमधल्या डन्सफोल्डच्या धावपट्टीवर गाड्यांच्या वेळा घेत आणि फळ्यावर लावत. फळ्यावर नाव लागायचं तर गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी हवी आणि तिला गतिरोधक ओलांडता यायला हवा, एवढाच नियम. २००७ साली कापारो टी१ नावाच्या गाडीनं १ मिनिट १०.६ सेकंदांची वेळ दिली. त्या वेळच्या फळ्यावरच्या सगळ्या गाड्यांच्या पुढे. पण तिचं पोट जमिनीला इतकं लागून होतं की तिला गतिरोधक ओलांडता येईना. नाव उतरवलं. फेरारीची एफएक्सएक्स त्याच धावपट्टीवर १ मिनिट १०.७ सेकंदांत आली. ती रस्त्यासाठी नव्हतीच आणि टायरही शर्यतीचे गुळगुळीत होते. तिचंही नाव उतरवलं.

महाराष्ट्रातल्या श्रोत्यांना गतिरोधक म्हणजे काय हे मी सांगायला नको. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे तो १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. गावोगावी तो कसा असतो, ते आपल्या गाडीच्या चेंबरला माहीत आहे. मुंबईत रविवारी पहाटे सुपरकार घेऊन निघणारी मंडळी पाहा. गतिरोधक आला की आधी गाडी थांबते, मग नाक वर करायचं बटण दाबलं जातं, पुढची बाजू चार बोटं उचलली जाते, आणि तरीही चालक गाडी तिरकी घालून एकेक चाक पार करतो. मागे रिक्षावाला हॉर्न देत असतो. हे नाक उचलायचं यंत्र वजनदार असतं. ट्रॅकवर त्याचा शून्य उपयोग. विक्रमाच्या दृष्टीनं ते निव्वळ ओझं आहे. पण ते यंत्र बसवणाऱ्या अभियंत्यानं मान्य केलेलं असतं की माझी गाडी कुणाच्या तरी घरी जाणार आहे. म्हणून मला ते बटण नंबर प्लेटपेक्षा मोठा पुरावा वाटतो.

याच कसोटीवर मी मर्सिडीज-एएमजी वन या गाडीला रस्त्याची गाडी मानतो. पुष्कळांना हे पटत नाही. तिच्यात फॉर्म्युला वनमधून घेतलेलं १.६ लिटरचं व्ही६ हायब्रिड इंजिन आहे, चार विजेच्या मोटारी आहेत, एकूण ताकद १,०६३ अश्वशक्ती. बनणार होत्या फक्त २७५. इतकी महाग आणि इतकी दुर्मीळ वस्तू रस्त्याची कशी, असा प्रश्न येतो. पण या गाडीचं खरं झगडणं वेगाशी नव्हतंच. शर्यतीचं ते इंजिन नुसतं उभं असताना, आयडलिंगला, मिनिटाला सुमारे ५,००० फेरे घेतं. एवढ्या फेऱ्यांवर प्रदूषणाचे नियम पाळता येत नाहीत आणि सिग्नलला शेजारी उभं राहवत नाही. ते फेरे १,२०० वर आणायला, धूर नियमात बसवायला अभियंत्यांची वर्षंच्या वर्षं गेली. २०१७ साली फ्रँकफर्टला दाखवलेली गाडी ग्राहकाच्या हाती पडायला २०२३ उजाडलं. सिग्नलला शांत उभं राहता यावं म्हणून पाच वर्षं घाम गाळणारी गाडी माझ्या लेखी पास आहे. तिनं २०२२च्या ऑक्टोबरमध्ये, काही ठिकाणी ओलसर असलेल्या ट्रॅकवर, मारो एंगेल या चालकाच्या हातून ६ मिनिटं ३५.१८३ सेकंद दिले, आणि २०२४च्या सप्टेंबरमध्ये ६ मिनिटं २९.०९०. सरासरी ताशी १९३ किलोमीटर. १९८३ सालच्या बेलोफच्या शर्यतीच्या गाडीपेक्षा फक्त १८ सेकंद मागे, आणि हिला पीयूसी काढता येईल! ही माणसाच्या बुद्धीची थोर कामगिरी आहे, असं मी मनापासून म्हणतो.

पण याच गाडीबाबत एक गोष्ट मला खुपते. पहिला विक्रम झाला तेव्हा एकाही ग्राहकाला गाडी मिळाली नव्हती. विक्रम आधी, गिऱ्हाईक नंतर. कंपनीनं फसवलं असं मी मुळीच म्हणत नाही. पण घाण्यावरचं तेल चाखून दुकानातल्या डब्याची खात्री देता येत नाही.

इथे अंतराचा मुद्दा सांगितला पाहिजे. कित्येक वर्षं कंपन्या फेरीची वेळ पूर्ण २०.८३२ किलोमीटरवर देतच नसत. टी-१३ नावाच्या प्रेक्षागृहाजवळ घड्याळ सुरू व्हायचं आणि फेरी पुरी होण्याच्या थोडं अलीकडे बंद व्हायचं. २०.६ किलोमीटर. राहिलेल्या २३२ मीटरचा हिशोब कुणी मागत नव्हतं. २०१९ पासून ट्रॅकच्या व्यवस्थापनानं शिस्त लावली. पूर्ण फेरीची वेळ, नोटरीची उपस्थिती, गाडी कुठल्या वर्गात मोडते याची नोंद. २०२१ साली मँथे या शर्यतीच्या संघानं सुधारलेल्या पोर्शे ९११ जीटी२ आरएसची एकच फेरी दोन्ही रीतींनी मोजली गेली. छोट्या मापानं ६ मिनिटं ३८.८३५, पूर्ण मापानं ६ मिनिटं ४३.३००. तीच गाडी, तोच चालक, तीच फेरी, आणि साडेचार सेकंदांच्या जवळपास फरक. सेकंदाच्या दहाव्या-विसाव्या हिश्शावरून भांडणाऱ्या लोकांनी आधीची कित्येक वर्षं हे साडेचार सेकंद कसे चालवून घेतले, याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

आणि त्याहून जुना, २००८ सालचा वाद तर या साऱ्याचा पायाच म्हणावा. निसाननं जीटी-आर या तुलनेनं स्वस्त गाडीसाठी ७ मिनिटं २९ सेकंद जाहीर केले. पोर्शेला विश्वास बसेना. त्यांनी स्वतः एक जीटी-आर विकत घेतली, त्याच ट्रॅकवर चालवली आणि सांगितलं, आम्हाला ७ मिनिटं ५४ सेकंद लागले. पंचवीस सेकंदांचा फरक! निसाननं आपला आकडा सोडला नाही. कोण बरोबर, हा निकाल देणारं कुणी तिसरं नव्हतं. पुढच्या दशकात लँबोर्गिनीच्या हुराकान पर्फोर्मांतेची ६ मिनिटं ५२.०१ सेकंदांची चित्रफीत आली तेव्हाही लोकांनी ती एकेक चौकट थांबवून तपासली, आणि कंपनीला टेलिमेट्रीची नोंद पुढे करावी लागली. पंच नसलेल्या सामन्यात प्रेक्षकच पंच होतात.

तुम्ही म्हणाल, या कोट्यवधींच्या गाड्यांशी आमचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो पुण्यातल्या वेताळ टेकडीवर आहे. तिथे १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय ही संस्था आहे. तिच्यामुळे त्या भागाला लोक एआरएआय टेकडीच म्हणतात. देशातल्या कित्येक गाड्यांना रस्त्यावर येण्याआधी तिथून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. आणि गाडी घेताना आपण सगळे ज्याबद्दल भांडतो, तो मायलेजचा 'एआरएआयचा आकडा' तिथलाच. शोरूमवाला सांगतो चोवीस, आणि सिंहगड रस्त्यावर मिळतात सतरा. मग आपण म्हणतो, आकडा खोटा. सरांनी आम्हाला याचं उत्तर फार आधी दिलं होतं. तो आकडा तुमच्या रस्त्याचा नाही, पण प्रत्येक गाडीसाठी चाचणी एकच, भार ठरलेला, वेगाचा चढउतार ठरलेला. तुम्हाला सतराच मिळाले तरी शेजारच्या गाडीशी तुलना करायला तो आकडा कामाचा आहे. अट सगळ्यांना सारखी आणि सगळ्यांना माहीत असेल, तर आकड्याला पत असते. न्यूर्बुर्गरिंगच्या आकड्यांना अनेक वर्षं ही पत नव्हती. प्रत्येकाची चाचणी वेगळी, टायर वेगळे, हवा वेगळी, माप वेगळं, आणि निकाल मात्र एकाच यादीत.

वर्ग नीट पाडले की काय उजेड पडतो, ते शाओमीच्या उदाहरणावरून दिसेल. मोबाइल बनवणाऱ्या या चिनी कंपनीनं २०२४च्या ऑक्टोबरमध्ये एसयू७ अल्ट्रा या चार दरवाज्यांच्या विजेच्या गाडीचा प्रोटोटाइप ६ मिनिटं ४६.८७४ सेकंदांत पळवला. बाहेरचे पत्रे कार्बन फायबरचे, आतला जामानिमा काढलेला. पुढच्या वर्षी त्याच नावाची, ग्राहकाला मिळणारी गाडी त्याच ट्रॅकवर आली. ७ मिनिटं ४.९५७ सेकंद. नाव एकच, मधे १८ सेकंद. मला हे अठरा सेकंद फार महत्त्वाचे वाटतात. जाड सीट, आवाज अडवणारे थर, गालिचा, रस्त्यासाठी लागणारं सगळं वजन, म्हणजे गाडीचं घरपण, त्या अठरा सेकंदांत आहे. कंपनीनं दोन्ही आकडे वेगवेगळ्या वर्गात दाखवले, हे चांगलं झालं. नुसता पहिला आकडा डोक्यात ठेवून शोरूममध्ये गेलेला माणूस मात्र दुसरीच गाडी घरी आणतो.

आणखी एक हकीकत सांगितल्याशिवाय राहवत नाही. २०१७ साली अमेरिकेतली डॉज व्हायपर ही गाडी कायमची बंद होत होती. कारखान्याला विक्रमात रस उरला नव्हता. तेव्हा गाडीच्या चाहत्यांनी आणि मालकांनी लोकवर्गणी काढली, गाड्या समुद्रापार जर्मनीला नेल्या, चालक आणले, ट्रॅक भाड्यानं घेतला. ७ मिनिटं १.३ सेकंद. सात मिनिटांची रेघ एका सेकंदानं हुकली, पुढच्या प्रयत्नात टायर फुटून गाडी आदळली आणि मोहीम थांबली. विक्रमांच्या यादीत हा आकडा कुठे वर नाही. माझ्या मनात तो सगळ्यात वर आहे, कारण त्या मोहिमेमागे गिऱ्हाईक होतं. ज्यांनी पैसे मोजून गाडी घेतली, हप्ते भरले, धुतली, पुसली, त्यांनीच तिला परीक्षेला बसवलं.

धोक्याबद्दलही दोन वाक्यं. २०१५च्या मार्चमध्ये याच ट्रॅकवर शर्यतीच्या वेळी एक गाडी फ्लुगप्लात्स नावाच्या चढावरून उडून कुंपणापलीकडे गेली आणि एका प्रेक्षकाचा जीव गेला. त्यानंतर वर्षभर काही भागांत वेगमर्यादा होती आणि विक्रमाचे प्रयत्न बंद होते. ट्रॅकची दुरुस्ती झाल्यावर ते परत सुरू झाले. ज्या आकड्यासाठी माणसं एवढी जोखीम उचलतात, तो आकडा निदान स्वच्छ असावा, ही माझी मागणी अवाजवी नाही.

तेव्हा माझं म्हणणं असं. रस्त्याच्या गाडीचा विक्रम कंपनीनं तयार केलेल्या गाडीवर होऊ नये. ग्राहकांना देण्यासाठी बनलेल्या गाड्यांमधून ट्रॅकच्या व्यवस्थापनानं चिठ्ठी टाकून एक उचलावी. गाडीबरोबर जे टायर मिळतात तेच तिला असावेत. चालकाच्या जिवासाठी आत पिंजरा आणि शर्यतीचं आसन बसवायचं असेल तर जरूर बसवावं, त्यानं माझ्या मते काही बिघडत नाही. गाडीनं फाटकापर्यंत स्वतःच्या चाकांवर यावं, फेरी मारावी आणि स्वतःच्या चाकांवर परत जावं. वाटेत एक गतिरोधक जरूर असावा, दहा सेंटिमीटरचा, आपल्या मानकाप्रमाणे. आज नोटरी गाडीची अवस्था तपासतो, ही मोठी सुधारणा आहे आणि तिचं मी स्वागत करतो. चिठ्ठी ही पुढची पायरी. ती अवघड नाही. ज्या कंपन्यांनी फॉर्म्युला वनचं इंजिन सिग्नलला शांत उभं करून दाखवलं, त्यांना एक चिठ्ठी जड जाऊ नये.

इथे बसलेल्या तरुणांपैकी काही जण उद्या मोटार उद्योगात जातील. कुणी एआरएआयमध्ये जाईल, कुणी नगरच्या व्हीआरडीई या वाहन संशोधन संस्थेत, कुणी माझ्या भाच्यासारखं जर्मनीत. कुणाच्या तरी टेबलावर एक दिवस असा कागद येईल, ज्यात नियमाचं अक्षर पाळलेलं असेल आणि सूटकेस पेट्रोलच्या टाकीत ठेवलेली असेल. त्या कागदावर सही करू नका.

आणि बाकीच्यांना विनंती. बाहेर पार्किंगमध्ये तुमची गाडी उभी आहे. घरी निघण्याआधी मोबाइलचा दिवा लावा, चाकापाशी गुडघ्यावर बसा आणि टायरवरचे ते चार अंक वाचा.